लग्नसराईच्या ऑर्डरी, सोलापूरचा उन्हाळा आणि पत्नीचे लिथियम : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या पत्नीला बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवीय विकार आहे. निदान होऊन ६ वर्षे झाली असून शेवटच्या मोठ्या आजारपणाला १९ महिने उलटले आहेत. सध्या तिची तब्येत उत्तम आहे आणि माझी अडचण नेमकी या चांगल्या काळातली आहे. आजारपणात काय करायचे ते मी ठेचकाळत का होईना, पण शिकलो. ती बरी असताना तिच्यासोबत कसे राहायचे, हे मात्र मला अजून जमलेले नाही.

मी अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहतो आणि ती घरी ब्लाऊज शिवते. आजाराची सुरुवात नैराश्याने झाली. तीन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून असे. तेव्हा आम्ही ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी फक्त नैराश्याच्या गोळ्या दिल्या. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची जोड नसताना अशा गोळ्यांनी बायपोलरच्या काही रुग्णांना उन्मादाचा, म्हणजे अतिउत्साहाच्या चढत्या अवस्थेचा, झटका येऊ शकतो, हे आम्हाला फार उशिरा कळले. उन्मादाचा झटका आधी आलेलाच नसेल, तर पहिल्या नैराश्यात हा आजार ओळखणे डॉक्टरांनाही अवघड असते, त्यामुळे मी कोणाला दोष देत नाही.

एका रात्री दोनच्या सुमारास शिलाई मशीनच्या आवाजाने मला जाग आली. खरे सांगायचे तर मला बरे वाटले, कारण इतके दिवस पडून असलेली बाई उठून कामाला लागली होती. चौथ्या रात्री मी बाहेरच्या खोलीत जाऊन पाहिले, तेव्हा दिवाणावर ३२ ब्लाऊज घड्या घालून रचून ठेवलेले होते. प्रत्येकाला हुक लावलेले, काजे केलेली, अस्तर टिपलेले, आणि त्यांतल्या एकाचेही माप कोणी दिलेले नव्हते. चार रात्री ती जेमतेम दोन-दोन तास झोपली होती आणि तरीही थकव्याचा मागमूस नव्हता. पुढच्या आठवड्यात उधारीवर आणलेल्या ८४ हजारांच्या जरीच्या कापडाचा तगादा आला. ते पैसे फेडायला दोन वर्षे लागली. माझ्या आईने सिद्धेश्वराला नवस बोलला, शेजाऱ्यांनी बाहेरची बाधा म्हणून सांगितले. आईचा नवस आम्ही भक्तिभावाने फेडला आणि औषधही सोडले नाही.

आता प्रश्नाकडे येतो. एका दुकानाने तिला एप्रिल-मेच्या लग्नसराईसाठी ६० ब्लाऊज देऊ केले आहेत. तिला ते काम मनापासून हवे आहे. मला भीती वाटते ती दोन गोष्टींची.

पहिली भीती उन्हाळ्याची. तिला लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध चालू आहे. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि घामाने अंगातले पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवते, त्यामुळे रक्तातली पातळी चढते. आमच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी ०.६ ते ०.८ ही पातळी ठरवली आहे. १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका स्पष्ट असतो आणि काहींना त्याआधीही त्रास होतो. सोलापुरात पारा ४२-४३ वर गेला, की दुपारी पत्र्याच्या खोलीत मशीनवर बसणे म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. गेल्या मे महिन्यात सुईत दोरा ओवताना तिचा हात इतका थरथरू लागला, की दोरा सुईच्या नाकाशी जाऊन चार वेळा परत आला. बारीक थरथर या औषधाने एरवीही असते, पण ही वेगळी होती आणि जोडीला उलट्या होत्या. रक्त तपासले तर पातळी १.४ निघाली. चौकशी केल्यावर कळले, की मशीनवर बसून कंबर धरली म्हणून ती पाच दिवस मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून घेत होती. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या, आयबुप्रोफेनसुद्धा, लिथियमची पातळी वाढवतात. तेव्हापासून कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, निर्जळी उपवास करायचा नाही, जेवणातले मीठ एकदम तोडायचे नाही, आणि रक्ताचा नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनीच द्यायचा, एवढे आम्ही कसोशीने पाळतो. थायरॉईड आणि मूत्रपिंडाची तपासणी दर सहा महिन्यांनी होते.

दुसरी भीती झोपेची. ऑर्डर अंगावर आली की जागरण आलेच, आणि तिच्या बाबतीत झोप कमी होणे हीच उन्मादाची पहिली पायरी असते.

पण ज्यासाठी मी हे लिहायला बसलो, ते यापेक्षा वेगळे आहे. रात्री दहानंतर मशीन चालू असले, की मी काही ना काही निमित्त काढून त्या खोलीत डोकावतो. ती बहिणीशी फोनवर मोठ्याने हसली, की माझी नजर नकळत घड्याळाकडे जाते. यंदा गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर तिने उत्साहाने बांगड्या घेतल्या, तर मी मनात त्यांचे पैसे मोजत उभा राहिलो, आणि ते तिने पाहिले. महिन्यापूर्वी ती मला शांतपणे म्हणाली, “अहो, तुम्ही मशीनचा आवाज ऐकता, मी काय शिवलं ते बघत नाही.” त्यानंतर मी घरी असलो की ती साडेनऊलाच मशीन बंद करते आणि फोनवर हळू बोलते. माझ्या काळजीने तिचा आनंद आखडून गेला आहे, हे मला सहन होत नाही, आणि पहारा सोडायचे धाडसही होत नाही.

गेल्या वर्षी आम्ही मिळून एक कागद तयार केला. तिच्याच अक्षरात त्यावर लिहिले आहे, की सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर मी डॉक्टरांना फोन करावा आणि तिने त्यावर वाद घालू नये. पाच हजारांवरचे कापड एक रात्र मध्ये जाऊ देऊन मगच घ्यावे. आणि ‘माझे ओझे झाले आहे’ असे शब्द तिच्या तोंडी आले, तर मी आडपडदा न ठेवता, जीव देण्याचे विचार येतात का, असे सरळ विचारावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच कागदावर आहे आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ५ नुसार पूर्वनिर्देश, म्हणजे आजारपणात आपल्यावर कसे उपचार व्हावेत वा होऊ नयेत याची सूचना, आधीच लिहून ठेवता येतो आणि कलम १४ नुसार आपला प्रतिनिधी नेमता येतो, हे वाचल्यावर त्याला रीतसर रूप द्यावे असे आम्हा दोघांना वाटते. सोलापुरात किंवा आसपास कोणी हे केले असेल, तर काय अडचणी आल्या ते कृपया सांगावे.

ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांना माझे कळकळीचे विचारणे आहे, की साधा आनंद आणि चढती अवस्था यांतला फरक तुम्ही कशावरून ओळखता? तो ओळखण्याचे काम बहिणीसारख्या तिसऱ्या व्यक्तीकडे सोपवल्याने नवरा-बायकोतला ताण कमी होतो का? आणि ज्यांना स्वतःला हा आजार आहे, त्यांनी हे सांगावे, की जोडीदाराने कोणत्या शब्दांत विचारलेले तुम्हाला बोचत नाही. शिवणकाम किंवा हंगामी कामाच्या ऑर्डरी सांभाळून झोपेची वेळ कोणी टिकवली असेल, तर तो अनुभवही हवा आहे. ६० पैकी ३५ ब्लाऊज घ्यावेत, दुपारी १२ ते ४ मशीन बंद ठेवावे आणि मेच्या सुरुवातीला एकदा जादा रक्त तपासावे, असे तिने स्वतःच सुचवले आहे. डॉक्टरांची पुढची भेट येत्या शनिवारी आहे.

दुकानाला गुढीपाडव्यापर्यंत कळवायचे आहे. हे सगळे मी तिला वाचून दाखवले आहे आणि तिच्या संमतीनेच इथे मांडत आहे. ब्लाऊजचा आकडा मी २८ लिहिला होता, तो तिने ३२ केला.