सुमित्रा भावे: आधी संशोधन, मग सिनेमा

'सिनेमाचं शिक्षण नसताना दिग्दर्शिका सुमित्रा भावेंना सिनेमे करणं जमलं कसं?' असा प्रश्न पडतो, त्यावर थोडं. त्या मूळच्या समाजकार्यातल्या, संशोधक. झोपडपट्टीतल्या बायकांविषयी जे हाती लागलं ते त्या बायकांपर्यंतही पोचावं, म्हणून १९८५ साली 'बाई' हा लघुपट केला. तेव्हा चाळिशी उलटली होती! पुढे सहदिग्दर्शक सुनील सुकथनकरांसोबत 'दोघी', 'देवराई', 'अस्तु' हे सिनेमे.

संशोधनातली ऐकून घ्यायची सवय त्यांच्या पटकथेत दिसते. 'कासव'मध्ये जानकी नैराश्यातल्या मुलाला घरी आणते. खोदून खोदून काही विचारत नाही. जेवण, समुद्र, शांतता, बस. दुसऱ्या कुणी इथे पानभर उपदेश घातला असता. या सिनेमाला सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मिळालं. मला मात्र 'दोघी'च जास्त आवडतो.