कार्डाच्या गोल्ड फिंगरवरील काळी झालर आणि राखाडी पट्टा: खोडरबर वापरावे का?

उद्यमबाग_दुरुस्ती
नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत माझे कंट्रोल कार्डांच्या (यंत्रे चालवणाऱ्या सर्किट बोर्डांच्या) दुरुस्तीचे लहान वर्कशॉप आहे. कार्ड सॉकेटमध्ये नीट संपर्क करत नसेल, तर कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर (गोल्ड फिंगरवर) खोडरबर फिरवायचे आणि अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवायचे, ही माझी आजवरची रीत. या पावसाळ्यात मात्र एका साखर कारखान्याचे एकच कार्ड दोन महिन्यांत तिसऱ्यांदा परत आले. भिंगाखाली पाहिले, तेव्हा पाच पट्ट्यांवर सॉकेटची स्प्रिंग जिथे घासते नेमक्या त्याच जागी राखाडी पट्टा दिसला आणि पट्ट्यांच्या कडांना काळसर झालर धरलेली होती. शिवाय, बाहेरून वेव्ह सोल्डरिंग (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून कार्ड नेऊन जोडणी) करून आणलेल्या काही नव्या कार्डांच्या सोन्यावर सोल्डरचे थेंब उडालेले आहेत. दोन्हींवर उपाय काय करावा?

खानापूरचा_पाऊस
दादा, तो राखाडी पट्टा घाण नसून सोन्याखालचे निकेल आहे, आणि ते उघडे पडण्यात आपल्या खोडरबराचा मोठा वाटा असावा. एज कॉन्टॅक्टवर, म्हणजे कडेच्या या सोनेरी पट्ट्यांवर, साधारण ०.७५ मायक्रॉनचे कठीण सोने असते. अनेक स्वस्त कार्डांवर तर रासायनिक पद्धतीने चढवलेले ०.०५ ते ०.१ मायक्रॉनचेच सोने असते आणि ते खोडरबराच्या थोड्याशा घासण्यानेही जाऊ शकते. खोडरबरात घासणारी पूड असते, काहींत गंधकही असते, आणि त्याचा मागे उरलेला चुरा सॉकेटमध्ये जातो तो वेगळाच. निकेल उघडे पडले की हवेत त्यावर ऑक्साइडचा थर बसतो; म्हणूनच घासल्यावर कार्ड काही दिवस चालते आणि मग पुन्हा बंद पडते.

काळी झालर हा निराळा प्रकार आहे. गंधकाची वाफ सोन्याचे काही बिघडवत नाही, परंतु पट्टीच्या कडेला किंवा मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून तांबे उघडे असेल, तर त्यापासून तयार झालेले कॉपर सल्फाइड सोन्यावर पसरत जाते. साखर कारखान्यात रस स्वच्छ करताना सल्फर डायऑक्साइड वापरतात आणि साचलेल्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. त्यात आपल्याकडचा दमटपणा मिळाला की आणखी काय हवे? असे कार्ड पुसून परत देण्याआधी पॅनेलच्या दाराचे गास्केट आणि केबल आत येण्याची छिद्रे तपासायला सांगा, नाहीतर ते चौथ्यांदाही येईल.

निपाणी_इलेक्ट्रॉनिक्स
वरील म्हणण्याशी मी सहमत आहे. फक्त पुसण्याबद्दल थोडे सांगतो. अल्कोहोल ९९ टक्क्यांचे घ्यावे, कारण कमी टक्क्यांच्या अल्कोहोलमधले पाणी मागे राहते आणि पावसाळ्यात कार्ड ओलसरच राहून जाते. धागे न सुटणारे कापड भिजवून आतून कडेकडे एकाच दिशेने पुसावे आणि प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी घ्यावी. तेच कापड पुन्हा फिरवले, तर विरघळलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावलेले रसायन) संपूर्ण पट्टीवर पातळ पसरतो आणि वाळल्यावर पांढुरका थर उरतो. नो-क्लीन (सोल्डरिंगनंतर पुसावा न लागणारा) फ्लक्स अर्धवट पुसणे तर न पुसण्यापेक्षाही वाईट, कारण राळेने धरून ठेवलेली आम्ले मोकळी होतात.

उद्यमबाग_दुरुस्ती
मनापासून आभार. पांढुरक्या थराचे कोडे सुटले. आता सोल्डरच्या थेंबांचे काय? ओळखीच्या सोनारांनी पुन्हा मुलामा देण्याची तयारी दाखवली आहे.

खानापूरचा_पाऊस
तो मार्ग सोडून द्यावा. दागिन्यांवरचा मुलामा दिसण्यासाठी असतो. वारंवार काढ-घाल सोसण्यासाठी लागणारे, किंचित कोबाल्ट मिसळलेले कठीण सोने तिथे मिळणार नाही. मुलामा चढण्यासाठी प्रत्येक पट्टीला विद्युत जोडणीही द्यावी लागते, आणि आपल्या पट्ट्या तर एकमेकींपासून सुट्या असतात.

थेंब स्प्रिंगच्या वाटेबाहेर असेल, तर मी फ्लक्स लावलेल्या सोल्डर विकने (वितळलेले सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) हलकेच उचलतो. संपर्काच्या जागेवर असेल, तर सोल्डर वर निघाले तरी खाली राखाडी डाग राहतो, कारण वितळलेले कथील सोने आपल्यात विरघळवून घेते. अशा कार्डावर एज कॉन्टॅक्टसाठीचे ब्रश प्लेटिंग (ब्रशने विद्युत मुलामा) करणाऱ्याकडे निकेल आणि सोने नव्याने चढवून घ्यावे, किंवा कार्डच बदलावे.

नव्या कार्डांसाठी सोल्डरिंग करणाऱ्याला पट्ट्यांवर पॉलिइमाइड (उष्णता सोसणारी) टेप लावायला सांगा. टेप घट्ट दाबलेली हवी आणि दर वेळी नवी हवी. जुनी, तापलेली टेप सिलिकॉनचा गोंद मागे सोडते आणि तो अल्कोहोलने निघत नाही, हे मी स्वतः दोन डझन कार्डे खराब करून शिकलो आहे. तपासणी करणाऱ्या मुलांनाही कार्ड दोन्ही बाजूंच्या कडांनीच धरायची सवय लावा.

उद्यमबाग_दुरुस्ती
कळले. खोडरबराची डबी आजच मुलीच्या दप्तरात गेली. सोमवारी कारखान्यात जाऊन पॅनेलचे गास्केट पाहतो आणि काय आढळले ते इथे कळवतो.