विषय: गणपतीच्या जेवणाला झालेला उशीर

नमस्कार मंडळी,

आपल्या टोरांटोच्या मंडळाचा शनिवारचा गणेशोत्सव छान झाला. बालनाट्यातला उंदीर आमचा होता. आठवडाभर शेपटी लावून घरात हिंडत होता. त्या उंदराबद्दलच लिहायचं आहे.

नाटक संपल्यावर माइकवरून सांगितलं, "साडेबाराला पानं वाढतोय." आमच्या मुलाला तीन वर्षांपासून टाइप वन मधुमेह आहे. इन्सुलिन जेवणाआधी पंधरा मिनिटं द्यावं लागतं, म्हणजे भाताची साखर रक्तात येईपर्यंत ते कामाला लागलेलं असतं. मी सव्वाबाराला मोदकासकट हिशेब करून दिलं. मग पाहुण्यांचा सत्कार, मग प्रायोजकांचे आभार, मग आरत्या. पानं पडली एक वाजून वीस मिनिटांनी. दिलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. एक वाजता त्याची साखर ३.१ होती आणि साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरवरचा बाण सरळ खाली. (भारतातून आलेल्या आजीआजोबांसाठी: इथल्या आकड्याला १८ ने गुणलं की तिकडचा आकडा मिळतो. ३.१ म्हणजे साधारण ५६.)

ज्यूस पर्समध्ये होता, पंधरा-वीस मिनिटांत सावरला. कार्यक्रम लांबतात, मलाही नवीन नाही. लागलं ते वेगळंच. तो घामाघूम होऊन बसला होता आणि भोवती सात-आठ जण. कुणीतरी पेढा भरवला. (खव्या-तुपामुळे पेढ्याची साखर उशिरा चढते. त्या वेळी ज्यूसच हवा.) आणि कुणीतरी त्याच्यासमोरच विचारलं, "एवढ्याशा पोराला शुगर? गोड फार द्यायचात का हो?" नऊ वर्षांचा आहे, मराठी चांगलं कळतं. गाडीत म्हणाला, "आई, दिवाळीला मी घरूनच जेवून येईन."

ज्या काकूंनी नाट्यसंगीत चालू असताना मला फोन बंद करायला खुणावलं त्यांच्यासाठी: तो व्हॉट्सअॅप नव्हता, सेन्सरचा अलार्म होता.

माझं मागणं फार नाही. जेवणाची वेळ लांबणार असेल तर माइकवरून सांगा, आधी. पदार्थात काय किती घातलं ते कागदावर लिहून टेबलावर ठेवा. आणि बालशाळेच्या दोन शिक्षकांनी माझ्याकडून तासभर शिकून घ्यावं. सोमवार ते शुक्रवारच्या शाळेत त्याचा लेखी 'प्लॅन ऑफ केअर' (त्याची काळजी कशी घ्यायची याचा आराखडा) आहे, २०१८ पासून ऑन्टॅरिओच्या सरकारी शाळांना तो करावाच लागतो. रविवारी भाड्याच्या जिममध्ये भरणाऱ्या आपल्या बालशाळेला तो नियम नाही, म्हणून दोन तास मी बाहेर गाडीत बसून असते. जानेवारीतसुद्धा.

उंदराची आई, स्कारबरो

———

चि. सौ. उंदराच्या मातोश्रींस,

वाचून वाईट वाटले. आमच्या सांगलीकडे जांभळाच्या बियांची पूड आणि सकाळी कारल्याचा रस देतात. माझ्या धाकट्या बंधूंची शुगर याने बरीच आटोक्यात आली. इन्सुलिनची एकदा सवय लागली की सुटत नाही, म्हणून शक्य तितके लांबवावे. पुढच्या महिन्यात पुतण्या येत आहे, पूड मागवून देतो.

आजीव सभासद, लीसाइड

———

काका, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण ही मेल लिस्टवर उत्तराशिवाय राहू नये म्हणून रात्रपाळीहून येऊन लिहितेय.

तुमच्या बंधूंना असणार टाइप टू. आपण दोन्हींना 'शुगर' म्हणतो, घोळ तिथेच होतो. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारते. गोड खाल्ल्याने तो होत नाही आणि कडू खाल्ल्याने जात नाही. इन्सुलिनची सवय लागत नाही हो, त्याच्याशिवाय जगताच येत नाही. ते बंद केलं तर मूल काही दिवसांत दगावू शकतं.

लिहितेच आहे तर ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी वाचा: खूप तहान, सारखी लघवी, अंथरूण ओलं न करणाऱ्या मुलाने पुन्हा ओलं करणं, खाऊनही वजन उतरणं. असं दिसलं तर त्याच दिवशी बोटातून रक्त काढून साखर बघून घ्या, सोमवारवर टाकू नका. त्यातच उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास असेल तर थेट इमर्जन्सीत.

बालशाळेला शिकवायला मीही येईन. स्वयंसेवकांनी इन्सुलिन द्यायचं नाही, हे आधीच सांगते. साखर ४ च्या खाली गेली की ज्यूस द्यायचा, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायची. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, आईने दिलेला ग्लुकागॉनचा (साखर चढवणारा) स्प्रे नाकात मारायचा आणि ९११ ला फोन. एवढंच.

ब्रॅम्प्टन

———

ताई, तुमचा नंबर नव्हता म्हणून इथेच लिहिते, कुणाला सांगू नका प्लीज. आमच्या मुलीला मार्चमध्ये निघाला. बारा वर्षांची आहे. दवाखान्यात आधी फ्लू म्हणाले, तिसऱ्या दिवशी आयसीयूत होती. कोल्हापूरला अजून कुणाला सांगितलेलं नाही. जाऊबाई म्हणाल्या मुलीची जात आहे, बाहेर बोलू नका. त्यामुळे मंडळात यायचंच बंद केलं, लोक विचारतील पान का मोजतेस म्हणून. सासूबाई ऑक्टोबरमध्ये सहा महिन्यांसाठी येताहेत, त्यांच्यासमोर रोज चार इंजेक्शनं कशी लपवू? इंजेक्शनांऐवजी इन्सुलिनचा पंप घ्यावा म्हणतात क्लिनिकमध्ये, खर्च किती येतो हो? तुम्ही रात्री झोपता का?

———

अरे देवा. हे सगळ्यांना गेलं.

असू दे. गेलं ते गेलं.

———

बरं झालं गेलं. मी फोन केलाय तुम्हाला, उचला.

बाकी कुणाला उपयोग होईल म्हणून इथेही लिहिते. पंपाला ऑन्टॅरिओचा असिस्टिव्ह डिव्हाइसेस प्रोग्रॅम, म्हणजे उपकरणांसाठीची सरकारी योजना, मदत करतो. पंप त्यातून मिळतो आणि त्याच्या सामानासाठी वर्षाला २,४०० डॉलर. अर्ज क्लिनिकच्या मदतीने भरायचा असतो, त्यांनाच विचारा. २०२२ पासून सेन्सरसुद्धा त्यात आलाय. डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिटचा (अपंगत्वासाठीच्या करसवलतीचा) टी २२०१ फॉर्म नक्की भरा. पूर्वी आठवड्याला चौदा तास उपचारात जातात हे मिनिटामिनिटाने सिद्ध करावं लागायचं. आता टाइप वन असेल तर २०२१ सालापासूनचे ते तास धरूनच चालतात. 'डिसॅबिलिटी' या शब्दाला आमचे हे दोन वर्षं अडून बसले होते. आमच्या पोराला काय झालंय, म्हणे. शब्द सरकारचा आहे, पैसे पोराचे आहेत.

सासूबाईंना लपवू नका. माझ्या आईला मी पहिल्याच दिवशी आकडे वाचायला शिकवलं. सुरुवातीला ५.६ बघून हबकली, तिला वाटलं पोरगं गेलंच. आता रात्री दोनचा अलार्म तीच आधी ऐकते. पोळीचं पीठ वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय मळत नाही, आणि फोडणी अजूनही अंदाजानेच घालते.

झोपते. तुकड्यातुकड्यांनी.

उंदराची आई

———

पाकशाळेकडून:

पेढा मी भरवला होता. सॉरी ताई. बाळ थरथरत होतं, हाताशी तेच होतं.

कागदाचं म्हणाल तर काल रात्री वही काढून बसलो. गणपतीला दीडशे मोदक: तांदळाची पिठी दोन किलो, गूळ एक किलो दोनशे, खोवलेलं खोबरं दोन किलो. ब्रॅम्प्टनच्या नर्सताईंनी हिशेब करून दिला, एका मोदकाला साधारण १९ ग्रॅम कर्बोदकं. कळ्या कुणाच्या जाड, कुणाच्या पातळ, त्यामुळे एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे. माझी शंका अशी, की साबुदाण्याचा चिवडा उपासाचा म्हणून हलका असेल ना?

———

उपासाला हलका, इन्सुलिनला जड. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. शेवचकलीचं डाळीचं पीठ त्यापेक्षा बरं, पण तळणीमुळे तीन-चार तासांनी साखर चढते, ती वेगळीच गंमत. पण काहीही वगळू नका. त्याच्यासाठी वेगळं 'शुगर फ्री' ताट तर मुळीच करू नका, तेच नको आहे. फक्त आकडा द्या.

उं. आ.

———

कार्यकारिणीतर्फे:

सदर विषय बैठकीत घेण्यात येईल. बालशाळेच्या प्रशिक्षणाबाबत विमा कंपनीकडे विचारणा केली आहे, लेखी उत्तर येईपर्यंत निर्णय राखून ठेवण्यात येत आहे.

सचिव

———

सचिवसाहेब, ज्यूस पाजायला विमा? शनिवारी चार वाजता माझ्या घरी या सगळे, चहा मी करते. ते प्रशिक्षण नाही, चहा आहे.

ब्रॅम्प्टन

———

सर्वांस नमस्कार.

पूड मागवत नाही.

मी रोज सकाळी माऊंट प्लेझंट दफनभूमीत फिरावयास जातो. इन्सुलिन शोधणारे डॉ. बँटिंग तिथेच आहेत, डॉ. बेस्टही. चाळीस वर्षे त्या वाटेने गेलो, नाव वाचले, पुढे गेलो. काल थांबलो आणि मग घरी येऊन रात्री बारापर्यंत वाचत बसलो. ११ जानेवारी १९२२ रोजी आपल्याच टोरांटो जनरल हॉस्पिटलात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. त्यापूर्वी अशा मुलांना उपाशी ठेवत, म्हणजे थोडे अधिक जगतील. पहिला अर्क अशुद्ध निघाला. त्यांचे सहकारी कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि २३ तारखेस पुन्हा दिला, तेव्हा गुण आला. पुढे पेटंट टोरांटो विद्यापीठास दिले, एकेका डॉलरला. मी या गावात राहून कारल्याचा रस सांगत होतो.

बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबरचा, त्यामुळे तोच जागतिक मधुमेह दिन. आपला बालदिनही तोच, आणि यंदा आपला फराळाचा शनिवारही. सूत्रसंचालन माझ्याकडे आहे, तर पाच मिनिटे यावर बोलावे असा विचार आहे.

आजीव सभासद, लीसाइड

———

काका, जरूर बोला. जेवणानंतर. पानं साडेबाराला पडणार, घड्याळ मी आणतेय.

पाकशाळा