वारली चित्रांच्या शिबिरात लग्नचौक काढून दाखवणं बंद व्हायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

गेरू: डहाणू-तलासरी-जव्हार पट्ट्यात हल्ली शनिवार-रविवार वारली शिबिरांचं पेव फुटलंय. २०१३ पासून विरार-डहाणू लोकल झाली तेव्हापासून मुंबईहून येणंही सोपं झालं, सकाळी या, पाड्यावर जेवा, दुपारी चित्र काढा, संध्याकाळी तारप्यावर (फुंकून वाजवायचं वाद्य) नाचा आणि रात्रीच्या गाडीने घरी. शिबिरांना माझा विरोध नाही हे आधीच सांगतो, चार पैसे गावात येतात. विरोध आहे तो लग्नचौकाला, म्हणजे लग्नघरी भिंतीवर काढतात त्या चौकोनी देवचित्राला. मध्ये एका शिबिरात बघितलं, एका म्हाताऱ्या बाईंना भिंतीपाशी बसवून पालघटीचा, म्हणजे वारल्यांच्या लग्नातल्या देवीचा, चौक काढायला लावला, आजूबाजूला सगळे मोबाईल घेऊन उभे, आणि झाल्यावर त्याच्यासमोर सेल्फी.

चौक म्हणजे शोभेचं चित्र नाही हो. ज्या घरी लग्न आहे त्या घरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून देवांना बोलावते, मधे पालघट बसते, बाजूच्या देवचौकात घोड्यावर पाच डोक्यांचा देव पंचशिऱ्या. त्याशिवाय लग्न लागत नाही. आता घरात लग्नच नाही, धवलेरी नाही, तर पालघट कुणासाठी बोलावली? शिबिरात शेती शिकवा, जंगल, मासे पकडणारे, तारप्याचा फेर काहीही शिकवा, चौक तेवढा सोडा.

मोखाडकर: भाऊ, भावना समजल्या पण पोटाचं काय. दिवाळी झाली की आमच्याकडे कितीतरी घरांना कुलूप लागतं, उचल घेतलेली असते, भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जायचंच असतं, पोरं शाळेतून उठतात ती थेट पावसाच्या तोंडावर परत येतात. आणि शिबिरांचा सीझन पण नेमका तोच, थंडीचा. चार घरं जरी त्यामुळे गावात थांबली तरी मला तो चौक चालेल. आणि मुख्य म्हणजे त्या बाईंना कुणी विचारलं का, की तुम्हीच त्यांच्या वतीने ठरवलंत की देवीचा अपमान झाला?

शेणसडा: मोखाडकर +१, पण माझं कारण वेगळं आहे. थोडं लांब होईल, वाचा.

वारली चित्र कागदावर आलं तेच मुळी बाहेरच्या माणसामुळे. भास्कर कुलकर्णी, ज्यांनी आधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांना चित्रांसाठी कागद दिला होता, ते ७०च्या दशकाच्या सुरुवातीला इकडे आले. तोवर भिंतीवर काढायच्या त्या बायका, तेही लग्नाच्या निमित्ताने. मग गंजाडचे जिव्या सोमा म्हसे निमित्त नसताना रोज काढायला लागले, गेरूच्या कागदावर सगळं जग उतरवलं, २०११ ला पद्मश्री मिळाली. मोठा माणूस, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्यानंतर काय झालं ते बघा ना, चित्राला बाजारभाव आला आणि चित्र काढायची काडी पुरुषांच्या हातात गेली. आज कुठल्याही शिबिरात जा, शिकवणारे दादा, कॅनव्हास विकणारे दादा, आणि बाया कुठे तर मागच्या दारी चुलीपाशी वीस जणांच्या भाकऱ्या थापतायत.

चौक ही एकच जागा राहिलीय जिथे बाई जाणकार आहे आणि पुरुषाला तिला विचारावं लागतं. गेरू म्हणतात तेवढा सोडा. म्हणजे तिला तिथूनही उठवा असंच ना?

गेरू: @शेणसडा बाया चुलीपाशी आहेत हे शंभर टक्के खरं आणि ते बदललंच पाहिजे. पण त्यासाठी चौकच कशाला? भिंत लिंपणं कोण करतं, बायाच. कुडाच्या भिंतीला शेण-माती कशी बसवायची, गेरू कितपत पातळ, तांदूळ किती बारीक वाटायचा, बांबूच्या काडीचं टोक किती चावायचं की रेघ फुटणार नाही, हे एवढं शिकण्यासारखं आहे. पिठाची रेघ ओली असताना नीट दिसतसुद्धा नाही, वाळली की पांढरी उमटते, त्यामुळे अंदाजाने हात चालवावा लागतो. शिबिरात मात्र रंगवलेला कॅनव्हास आणि डब्यातला पांढरा ॲक्रिलिक देतात, तिथे ही कसरतच संपली. अख्खा एक दिवस नुसत्या भिंतीला द्या, बायांना गुरू म्हणून बसवा आणि पूर्ण मानधन द्या.

बोरिवली_स्लो: मी अशा शिबिराला जाऊन आलेय म्हणून बोलते. आम्हाला कुणी सांगितलंच नाही की चौक लग्नातच काढतात. सांगितलं असतं तर फोटो काढले नसते, आम्ही काही इतके निर्दयी नाही. आमच्याकडून माणशी ३००० घेतले, शिकवणाऱ्या काकूंना मी निघताना सहज विचारलं तर त्या म्हणाल्या दिवसाची मजुरी मिळते. मजुरी! मला तर देवीच्या अपमानापेक्षा हा अपमान जास्त लागला.

मोखाडकर: @बोरिवली_स्लो अगदी बरोबर. आयोजक शहरातला, बुकिंग शहरात, पैसे शहरात. आधी हे बोला, मग देवीचं बघू.

सातबारा: आपण इथे बसून ठरवणारे कोण पण? डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा सगळं अनुसूचित क्षेत्र. १९९६ चा पेसा कायदा, अशा आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा, सरळ सांगतो की परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. २०१४ च्या राज्याच्या नियमांनुसार तर पाड्याला स्वतःचं वेगळं गाव म्हणून घोषित करून आपली ग्रामसभा घेता येते. शिबिर घ्यायचंय तर ग्रामसभेत या, किती पैसे घेणार, कुणाला किती देणार, काय दाखवणार ते सांगा. जीआयवर (भौगोलिक मानांकनावर) फार भिस्त ठेवू नका, वारलीला २०१४ मध्येच जीआय मिळालंय, त्याने नाव जपलं जातं, चौक कुठे काढायचा हे जीआय सांगत नाही.

शेणसडा: कागदावर छान आहे. ग्रामसभेत बोलतं कोण ते पण बघा. बायका मागे बसतात, पदर सावरतात आणि सही करून घरी.

तारपा: मला एक कळत नाही, जव्हार-मोखाड्याचा बोहाडा कुणी विसरलं का? रात्रभर सोंगं नाचतात, देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे, संबळ वाजत असतो, गावाची वर्गणी, कुठलं सोंग कुणी घ्यायचं ते गाव ठरवतं, तारीख गाव ठरवतं. बाहेरचे येतात, बसून बघतात. त्यांच्या सोयीने सोंग दुपारी तीनला निघत नाही. शिबिरांचं तसं करा की. लग्न आहे आणि घरच्यांची हरकत नाही तर बोलवा पाहुण्यांना, बघू देत खरा चौक, जेवू देत लग्नाचं जेवण, आहेर घेऊन येऊ देत.

मोखाडकर: @तारपा पाहुणा लग्नाच्या मुहूर्ताला सुट्टी काढून येणार नाही. आणि लग्नं उन्हाळ्यात, तेव्हा अर्धा पाडा भट्टीवर. बोहाड्याचं म्हणाल तर मुखवटे बनवायला किती पोरं शिकतायत ते गावात विचारून या, नुसतं बघणाऱ्यांनी कला टिकत नाही, हाताला काम लागतं.

सातबारा: मग पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा. किती पैसे आले ते फळ्यावर लिहायचे. शिकवणाऱ्यांत निम्म्या बाया, मानधन सारखं. चौक दाखवायचा की नाही ते गावातल्या धवलेऱ्यांनी ठरवायचं, बाकी कुणी नाही.

शेणसडा: हे मला मान्य. फक्त धवलेऱ्यांना ग्रामसभेत नका विचारू, त्यांच्या अंगणात जाऊन विचारा.

गेरू: पहिल्या दोन गोष्टी आजच्या आज मान्य. तिसरी नाही. उद्या आयोजक एखाद्या धवलेरीच्या हातात पाचशे जास्त ठेवेल आणि ती हो म्हणेल, घरात गरज असताना ती नाही कशी म्हणेल? गरजेपोटी आलेल्या होकाराला मी परवानगी मानत नाही.

मोखाडकर: गरजेपोटीच आम्ही भट्टीवर पण जातो. तो होकार तुम्ही कधी नाकारला नाहीत.