विषय: यूरेका स्प्रिंग्सची सहल, तो पुतळा आणि पत्रकातली एक ओळ

मंडळी, नमस्कार.
शनिवारचं पक्कं झालं. बेंटनव्हिलहून सकाळी नऊला निघू. आधी अर्कान्सातल्या यूरेका स्प्रिंग्सच्या 'ख्राइस्ट ऑफ द ओझार्क्स' या येशूच्या पुतळ्याच्या पायथ्याशी ग्रुप फोटो, मग गावात भटकंती. पत्रकात 'विश्वप्रेमाचं प्रतीक असलेला भव्य पुतळा' असं लिहिलंय. काही बदल हवा असेल तर आजच कळवा.
– मेघना

मेघना,
सहल झकास आखली आहेस, पण ती विश्वप्रेमाची ओळ तेवढी काढ बाई. पुतळा उभारणारा जेराल्ड एल. के. स्मिथ हा अमेरिकेतल्या नामचीन ज्यूद्वेष्ट्यांपैकी एक. मूळचा धर्मोपदेशक, मग लुइझियानाचा राजकारणी, सिनेटर ह्युई लाँग याचा साथीदार. भाषणाला उभा राहिला की सभा जिंकायचा. 1935 मध्ये लाँगचा खून झाला, तेव्हा अंत्यविधीचं भाषण यानेच केलं. 1944 मध्ये 'अमेरिका फर्स्ट पार्टी'तर्फे थेट राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. दोन हजार मतंही पडली नाहीत. 'द क्रॉस अँड द फ्लॅग' या आपल्या मासिकातून मात्र वर्षानुवर्षं ज्यूंविरुद्ध गरळ ओकत राहिला. साठ लाख ज्यूंची हत्या झालीच नाही, इथवर मजल.

उतारवयात स्वारी यूरेका स्प्रिंग्सला आली. करून करून भागला आणि देवपूजेला लागला म्हणावं, तर हा भागलाही नव्हता. मासिक चालूच होतं. 1966 मध्ये पुतळा पूर्ण झाला, 1968 पासून शेजारी ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांचं नाटक सुरू झालं. मरगळलेल्या गावात पर्यटक येऊ लागले, धंदा वाढला. मग देणगीदाराचा इतिहास कोण काढतो? आपल्याकडे काय वेगळं होतं म्हणा!

शिल्पकार एमेट सुलिव्हन. साउथ डकोटात रॅपिड सिटीच्या टेकडीवरचे डायनोसॉर पाहिलेत ना, ते यांचेच. पुतळा जवळून पाहा: पाऊल असं नाहीच, झगा सरळ खाली उतरतो. दुधाच्या खोक्यावर डोकं ठेवल्यासारखं दिसतं.
– अनंतकाका

काका,
माहिती जबरदस्त. पण पुतळा येशूचा आहे, स्मिथचा नव्हे. भाविक हात जोडतात ते कुणाला? मुलांची सहल आहे, त्यात हे कशाला?
– प्रसाद

प्रसाद,
हात जोडणाऱ्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, आणि जाऊ नका असंही नाही. पण स्मिथ आणि त्याची बायको एल्ना यांना तिथेच पुतळ्याजवळ पुरलंय. मुलं थडगी पाहून विचारणारच, हे कोण म्हणून. तेव्हा 'मोठे धर्मात्मे होते' असं सांगायचं का? आपल्या मुलांच्या शाळासोबत्यांत ज्यूही आहेत. आणि मंडळाच्या बॅनरखालचा फोटो फेसबुकवर जातो, तेव्हा आपण काय लिहितो याला अर्थ असतो.
– काका

सगळ्यांना,
ओळ बदलली: '1966 मध्ये पूर्ण झालेला, साडेपासष्ट फुटी पुतळा.' पुतळ्यापाशी थांबायचंच, काका मुलांना पाच मिनिटांत (काका, पाचच!) स्मिथबद्दल सांगतील. बॅनरचा फोटो मात्र गावात काढू. डब्यांची यादी अजून अर्धी रिकामी आहे, पुलाव कोण करतंय?
– मेघना