चूक माझी आणि बोल दुसऱ्याला: व्याख्यानानंतर पडलेला प्रश्न

प्रश्न: पतसंस्थेतील लेखनिक

मी तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेत ११ वर्षे लेखनिक आहे. गेल्या रविवारी संस्थेने ‘वैयक्तिक नेतृत्व आणि चारित्र्य’ या विषयावर व्याख्यान ठेवले होते व हजेरी सक्तीची होती. आठवड्याची एकुलती सुट्टी जाणार म्हणून मी नाराजीनेच गेलो आणि लवकर निघता यावे यासाठी दाराजवळची खुर्ची धरली. पहिला तास ध्येय, वेळेचे नियोजन, सकारात्मक विचार यांत गेला. नंतर वक्त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये मागितलेल्या जाहीर माफीचा प्रसंग सांगितला आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

सहा महिन्यांपूर्वी आमच्या एका पिग्मी एजंटांचे (रोजची छोटी बचत खातेदारांकडे जाऊन गोळा करणाऱ्यांचे) मशीन चार दिवस बंद होते. ते रोज संध्याकाळी हाताने लिहिलेली यादी आणून देत. पहिल्या दिवशी मी खाते क्रमांक २४१ ऐवजी २१४ टाकला आणि पुढचे तीन दिवस मागचे पाहून तोच आकडा उतरवत गेलो. २४१ हे मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींचे खाते. रोजचे २०० रुपये. पासबुक भरून घेतल्यावर त्यांना ८०० रुपये कमी दिसले. कार्डावर एजंटांची सही होती, म्हणजे पैसे घेतले होते. मग ते गेले कुठे, असे त्यांनी भर काउंटरवर विचारले. एजंट काही बोलू शकले नाहीत.

त्या रात्री याद्या ताळून पाहताना मला चूक सापडली. दुसऱ्या दिवशी मी उलट नोंद करून रक्कम योग्य खात्यात जमा केली, मात्र मावशींना ‘कॉम्प्युटरमध्ये अडकली होती’ एवढेच सांगितले. त्यानंतर मंडईतील आणखी तिघांनी त्या एजंटांकडे पिग्मी भरणे बंद केले. त्यांचे घर कमिशनवर चालते. आता इतक्या उशिरा हे सांगावे का, आणि सांगायचे तर आधी कोणाला?

उत्तर १: निवृत्त इतिहास शिक्षक

सांगावे, यात मला शंका वाटत नाही. गोखल्यांचा प्रसंग थोडा तपशिलाने सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या तपशिलात आहे. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेग होता. घरतपासणीच्या वेळी गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना पुण्याहून आली आणि त्यांवर विसंबून त्यांनी तो आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’मधून मांडला. मायदेशी परतल्यावर पुरावा उभा राहीना. दरम्यान पुण्यातील प्लेग अधिकारी रँडचा खून झालेला होता. अशा वातावरणात पत्रलेखकांची नावे सांगणे म्हणजे त्यांना संकटात लोटणे होते. त्यांनी नावे सांगितली नाहीत, सगळा दोष स्वतःकडे घेतला आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांची जाहीर माफी मागितली. तेव्हा त्यांचे वय ३१ होते. स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरवले आणि ते बोल त्यांनी सोसले. दोन वर्षांनी ते मुंबई विधिमंडळावर निवडून गेले, ही पुढची गोष्ट. माफी मागताना ती त्यांना ठाऊक नव्हती.

मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की आरोप जितका जाहीर होता तितकीच माफीही जाहीर होती. एजंटांना बोल लागला तो काउंटरवर आणि मंडईत. आपण त्यांना एकट्याला गाठून चूक कबूल केलीत तर आपले ओझे उतरेल. त्यांचे उतरणार नाही.

उत्तर २: माजी शाखा व्यवस्थापक, सहकारी संस्था

शिक्षक सरांशी सहमत आहे, परंतु क्रम सांभाळावा. पहिल्यांदा शाखा व्यवस्थापकांना लेखी कळवा: कोणत्या तारखांच्या नोंदी, कोणते व्हाउचर, उलट नोंद कधी केली आणि खातेदारास काय सांगितले. हे शेवटचे वाक्य गाळू नका. हिशेब दुरुस्त झाला आहे, खोटे बोलणे दुरुस्त झालेले नाही. त्यानंतर एजंटांची भेट घ्या आणि मंडईत त्यांनी सोबत यावे की येऊ नये, हे त्यांनाच ठरवू द्या. सहा महिने मान खाली घालून वावरलेल्या माणसाला पुन्हा चारचौघांत उभे करणे त्यांना नको असू शकते. सकाळी माल उतरत असताना जाऊ नका. दुपारी गर्दी ओसरली की लोक ऐकून घेतात.

उत्तर ३: लेखापरीक्षण क्षेत्रातील वाचक

मला वेगळे म्हणायचे आहे. आपला प्रामाणिकपणा खरा आहे, परंतु संस्थेने कर्मचाऱ्यांच्या चारित्र्यावर व्याख्यान ठेवावे आणि स्वतःच्या कामाची घडी तपासू नये, हे मला पटत नाही. मशीन चार दिवस बंद राहिलेच कसे? हस्तलिखित यादीवरून एकाने नोंद केली, तर दुसऱ्याने ती यादीशी ताळून सही करायला हवी होती. ती सही असती तर चूक पहिल्याच संध्याकाळी सापडली असती आणि कोणाच्या सचोटीची परीक्षा पाहण्याची वेळच आली नसती.

सक्तीबद्दलही बोलतो. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेथे श्रोता आपल्या पायांनी येतो आणि न पटल्यास उठून जातो. हजेरीपटावर सही करून बसवलेला श्रोता तसा मोकळा नसतो. आपल्याला त्या सभागृहात काही सापडले ते तुमच्या मनात आधीच सलत होते म्हणून, असे मला वाटते. माफी अवश्य मागा, पण त्याच पत्रात दुहेरी तपासणीची मागणीही लिहा.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन

सर्वांचा आभारी आहे. सोमवारी व्यवस्थापकांना पत्र दिले आणि दुसऱ्या सहीची मागणीही त्यातच लिहिली. ते नाराज झाले, मात्र पत्र आवक नोंदवहीत घेतले.

एजंट सोबत यायला तयार झाले. मावशी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. मी चूक सांगितली. कॉम्प्युटरचे कारण खोटे होते, हेही सांगितले. त्या बराच वेळ जुडी हातात धरून राहिल्या. नंतर माझ्याकडे न पाहता एजंटांना म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?” एजंट म्हणाले, “मलाही माहीत नव्हतं, मावशी.” तेव्हा मला कळले की उलट नोंद केल्याचे मी त्यांनाही कधी सांगितले नव्हते, सहा महिने तेही आपल्याच यादीत काही चुकले असेल, असे समजत होते.

मावशींनी शेजारच्या दोन गाळेधारकांना हाक मारून बोलावले आणि मला सगळे पुन्हा सांगायला लावले. त्यांपैकी एकाने कालपासून भरणा सुरू केला आहे, दुसऱ्याने विचार करतो म्हटले. तिसऱ्यांचा गाळा त्या दिवशी बंद होता. त्यांच्याकडे उद्या दुपारी जाणार आहे.