मदत हवी आहे: नोकरी सांभाळून जर्मनच्या बी१ चा अभ्यास कसा बसवता?

नमस्कार मंडळी. राहते बोरिवलीला, ऑफिस चर्चगेटला. जर्मनची ए२ पातळी झालीय, आता गोएथे इन्स्टिट्यूटची त्यापुढची, बी१ पातळीची परीक्षा द्यायची आहे. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. भाग सुटे सुटे देता येतात, तेवढाच दिलासा.

शब्दांचं त्यातल्या त्यात बरं चाललंय. सकाळी बोरिवलीहून सुटणारी स्लो पकडते, बसायला मिळालं की अंकी (Anki, शब्दांची कार्डं विचारणारं ॲप) उघडते. आलेला शब्द ते लांबच्या तारखेला ढकलतं, अडलेला लगेच परत विचारतं, त्यामुळे नामं लिंगासकट पाठ होतात. (लिंगं मराठीतही तीनच, पण जुळतील तर शपथ!) पण दोन दिवस सुट्टी घेतली की कार्डांचा असा ढीग साचतो की ॲप उघडवत नाही. तुम्ही रोज नवे शब्द किती घेता? की ढीग साचला की नवे बंदच ठेवता?

खरं घोडं अडतं लेखनात. रात्री जेवणं आवरून वही घेतली की डोळे मिटायला लागतात. पहाटे उठा, हा सल्ला कृपया नको, डबे असतात. रोज चार-पाच ओळी लिहिणं बरं, की रविवारी बसून एक अख्खी ईमेल? आणि तपासून कोणाकडून घेता?

बोलायला जोडीदारही हवाय. पश्चिम रेल्वेवर कोणी बी१ करत असेल तर परतीच्या गाडीत बोलू, लोक बघेनात का.